वरातीत अटकणारी डीव्हीडी आणि बिटरेटचा हिशोब

लग्नाची डीव्हीडी अटकते ती बहुतेक वेळा वरातीतच. मेंदी नीट दिसते, हळद नीट दिसते. वरात निघाली, बँडवाल्यांचे दिवे आले, पोरं नाचायला लागली की चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि नवरदेव घोड्यावर बसल्या जागी गोठतो. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "भाऊ, तुमची सीडी अटकते ना जी." (गावात डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात.) शूटिंगवाला तीच डिस्क आपल्या कॉम्प्युटरवर लावून पाहतो, तिथं ती चकाचक चालते. मग तो म्हणतो, प्लेअर खराब आहे. घरवाले म्हणतात, मग बाकीच्या सीड्या कशा चालतात?

दोघांचंही खरं असतं. वरातीचा भाग अंधारात शूट झालेला, त्यात सतत हालचाल, दिवे चमकणारे. अशा चित्राला डेटा जास्त लागतो. एन्कोडरने (फिल्म दाबून डीव्हीडीजोगी करणाऱ्या सॉफ्टवेअरने) तो दिला, कॉम्प्युटरच्या ड्राइव्हने तो सहज वाचला, पण टीव्हीखाली दहा वर्षं धूळ खाल्लेल्या प्लेअरला तितक्या वेगानं वाचणं जमलं नाही. बाजारातून आणलेल्या छापील डिस्क त्याच प्लेअरवर चालतात, कारण त्यांची चमक आणि घडण वेगळी असते.

पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले, तरी आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत लग्नाचा अल्बम आणि सोबत डिस्कचा डबा ही मागणी पूर्ण संपलेली नाही. भजन मंडळं, झाडीपट्टीची नाटकं, सप्ताह यांचंही रेकॉर्डिंग डिस्कवर मागणारे लोक आहेत. हा लेख त्या डिस्क बनवणाऱ्यांसाठी आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच नियम ठेवा: बिटरेट, म्हणजे फिल्मच्या एका सेकंदाला लागणारा डेटा, ठरवायचा तो तुमच्या कॉम्प्युटरसाठी नाही, तुमच्या गिऱ्हाइकांतल्या सगळ्यात कमजोर प्लेअरसाठी.

डीव्हीडीची कायद्याची मर्यादा आणि कामाची मर्यादा

डीव्हीडी-व्हिडिओच्या ठरलेल्या मानकात एमपेग-२ व्हिडिओला जास्तीत जास्त ९.८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), म्हणजे ९८०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) इतकी मुभा आहे. व्हिडिओ, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८ एमबीपीएस. चित्र आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम.

हे आकडे पाहून पुष्कळ जण मॅक्झिममचा स्लायडर सरळ ९८०० वर नेऊन ठेवतात. क्वालिटी चांगली येईल, असा हिशोब. पण प्लेअरच्या बाजूनं पाहा. डीव्हीडीचा १एक्स वेग, म्हणजे डिस्कवरून डेटा निघण्याचा मूळ वेग, ११.०८ एमबीपीएस आहे. साधे प्लेअर त्याच्याच आसपास काम करतात. तुमच्या फिल्मनं सेकंदाला १० एमबी... नव्हे, १० मेगाबिट मागितले तर प्लेअरच्या हातात शिल्लक उरतं फक्त एक मेगाबिट. (बिट आणि बाइट यांची गल्लत टाळा. ८ बिटांचा १ बाइट. बिटरेट नेहमी बिटांत, फाइलचा आकार बाइटांत.)

ही शिल्लक लागते कशाला? डिस्कवर ओरखडा आला, धूळ आली, राइट करताना एखादी जागा कच्ची राहिली, तर प्लेअर ती जागा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतो. तेवढा वेळ चित्र चालू राहतं ते प्लेअरच्या आतल्या छोट्या मेमरीत साठवलेल्या डेटावर. ती मेमरी म्हणजे घरातला रांजण समजा: नळ थांबला तरी रांजणात आहे तोवर घर चालतं. पण उपसा नळाइतकाच असेल तर रांजण कधी भरतच नाही, आणि नळ एक क्षण अडखळला की घरात बोंब. ५ एमबीपीएसच्या भागात प्लेअरला तीच जागा पुन्हा वाचायला भरपूर सवड असते. ९.५ च्या भागात नसते. म्हणून ओरखडे डिस्कभर असले, तरी चित्र फुटतं ते बहुधा बिटरेट उंच असलेल्या ठिकाणी.

आपण घरी राइट केलेल्या डिस्कला आणखी एक अडचण आहे. कंपनीची डिस्क साच्यातून छापलेली असते, तिच्यात खरे खळगे असतात. आपल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग उमटवतो. नव्या प्लेअरला फरक पडत नाही. लेन्स थकलेल्या प्लेअरला पडतो.

तेव्हा कामाची मर्यादा अशी ठेवा. राइट केलेल्या डिस्कवर व्हिडिओचा मॅक्झिमम ८००० केबीपीएसच्या वर नेऊ नका. गिऱ्हाईक खेड्यातलं, प्लेअर जुना, हे आधीच माहीत असेल तर ७०००. सरासरी कितीही ठेवा, पण हा वरचा कठडा ओलांडू देऊ नका. अटकणं ठरतं ते या शिखरावर. सरासरीवर चित्राचा दर्जा आणि डिस्कमध्ये किती मिनिटं बसतील, हे ठरतं. या दोन आकड्यांची सरमिसळ हेच धंद्यातल्या अर्ध्या तक्रारींचं मूळ आहे.

पहिली पायरी: मिनिटं मोजा, मग आकडा काढा

एडिटिंग पूर्ण झाल्यावर टाइमलाइनची लांबी मिनिटांत लिहून घ्या. मेन्यूत गाण्यासह हलतं चित्र टाकणार असाल तर त्याचीही मिनिटं धरा.

एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे ४७० कोटी बाइट. विंडोज तीच जागा ४.३७ जीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. यात कुणी फसवलेलं नाही. पण ही सगळी जागा भरायची नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. बाहेरची कड ही सगळ्यात नाजूक जागा: तिथं बोटं लागतात, डिस्क किंचित वाकलेली असेल तर तिथंच सर्वांत जास्त हलते. ४.३ जीबीवर, म्हणजे ४३० कोटी बाइटांवर थांबलात, तर बाहेरच्या बाजूची सुमारे दोन मिलिमीटरची पट्टी कोरी राहते. विंडोजमध्ये हा आकडा साधारण ४.०० जीबी दिसेल. विदाईच्या वेळी डिस्क अटकण्याच्या तक्रारी यानं बऱ्याच कमी होतात, कारण विदाई नेहमी शेवटी असते.

आता सूत्र. ४३० कोटी बाइटांचे बिट करा, त्यातून चित्र-आवाज एकत्र बांधण्याच्या पॅकिंगमध्ये जाणारे चारेक टक्के वजा करा, मग ६० नं आणि १००० नं भागून मिनिटांनी भागायला सोपा आकडा बनवा. उरतात ५,५०,०००. म्हणजे:

५,५०,००० भागिले मिनिटं = एकूण केबीपीएस. त्यातून आवाजाचे २२४ वजा केले की व्हिडिओची सरासरी मिळाली.

१०० मिनिटांचं लग्न धरू. ५,५०,००० ला १०० नं भागलं, ५५००. त्यातून २२४ गेले, राहिले ५२७६. सरळ ५२०० घ्या. ९० मिनिटांना सुमारे ५८००, १२० मिनिटांना ४३००, १५० मिनिटांना ३४००, तीन तासांना २८००.

६० मिनिटांचा हिशोब केला तर ८९०० च्या वर जातो. इथं लोभ आवरा. जागा आहे म्हणून भरायची, असा काही नियम नाही. सव्वा तासापेक्षा छोट्या फिल्मला मी ६५०० चा स्थिर बिटरेट देतो आणि उरलेली डिस्क कोरी सोडतो. टीव्हीवर ६५०० आणि ८५०० मधला फरक घरच्यांना दिसत नाही. अटकलेली डिस्क मात्र सगळ्या पाहुण्यांना दिसते.

फुकट मिळणारी काही सॉफ्टवेअरं 'ऑटो'वर ठेवली की डिस्क काठोकाठ भरेल असा आकडा निवडतात. डीव्हीडीस्टायलर चांगलं आहे, मीही वापरतो, पण त्याचा ऑटो बंद करून आपला आकडा घाला.

आवाजात बिट वाया घालवू नका

आवाज एसी-३ मध्ये, स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किंवा २२४ केबीपीएस. एमपी-२ दिला तरी पाल प्लेअर चालवतात. काही एडिटिंग सॉफ्टवेअरं मूळ सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज टाकतात. तो एकटाच १५३६ केबीपीएस खातो, म्हणजे लांब फिल्मच्या निम्म्या व्हिडिओइतका. डीजेच्या भोंग्यातून आधीच फाटलेला आवाज पीसीएममध्ये जपून काय मिळणार?

कच्चं फुटेज नीट करा, बिटरेट आपोआप पुरतो

ही पायरी लोक टाळतात आणि खरा फायदा इथंच आहे. एन्कोडरला दर फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच लिहायचं असतं. अंधारात कॅमेऱ्याचा गेन (चित्र कृत्रिमपणे उजळणं) वाढला की चित्रात रवा पसरतो, आणि तो रवा प्रत्येक फ्रेमला नवा असतो. एन्कोडरला वाटतं, सगळंच बदललं. बिट रव्यात जातात आणि नवरीच्या तोंडाला चौकोन पडतात. वरात, रात्रीचं स्वागत, मांडवातला मागचा अंधार, एवढ्याच तुकड्यांवर हलका डीनॉइझ (रवा काढणारा फिल्टर) लावा. सगळ्या फिल्मवर नको; हळदीच्या उजेडात त्याची गरज नसते आणि मेंदीची नक्षी पुसट होते.

दुसरा खादाड म्हणजे फोटोग्राफरचा फ्लॅश. एका फ्रेमसाठी सगळं पांढरं, पुढच्या फ्रेमला पुन्हा पहिलं चित्र. दोन्ही वेळा एन्कोडरला जवळपास नव्यानं चित्र लिहावं लागतं. अक्षता पडतानाही तेच: शेकडो तांदूळ, प्रत्येक आपल्या दिशेनं. फ्लॅश थांबवता येत नाहीत, अक्षताही नाहीत. म्हणूनच मॅक्झिममचा कठडा हवा. त्या दोन-चार सेकंदांत चित्र किंचित मऊ झालं तर चालेल.

तिसरा खादाड आपण स्वतः आणतो. उडणारी बदामं, फिरणारी फुलं, चमचम तारे, दर शॉटला पान उलटणारं मिक्सिंग. गिऱ्हाईक मागतं, हे मान्य. पण चमकणाऱ्या ताऱ्यांचा पडदा पाच मिनिटं चित्रावर ठेवला तर ती पाच मिनिटं वरातीइतकीच महाग पडतात. साधा कट हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात देखणा.

कॅमेरा इंटरलेस शूट करत असेल, म्हणजे एक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत (फील्डमध्ये) घेत असेल, तर फील्ड ऑर्डर तपासा. जुन्या डीव्ही टेपवाल्या कॅमेऱ्यांत खालचं फील्ड आधी येतं, एव्हीसीएचडीच्या १०८०आय मध्ये वरचं. एक्सपोर्टला उलटं पडलं की चालणारा माणूस थरथरत चालतो. ही थरथर बिटरेट वाढवून जात नाही.

मोबाइलचं फुटेज असेल तर वेगळा त्रास. मोबाइल बहुतेक ३० फ्रेमवर आणि तेही कमी-जास्त होणाऱ्या वेगानं शूट करतो. आधी ते स्थिर फ्रेमरेटला आणा, नाहीतर अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज वेगळे चालतात. ३० चं २५ केलं की झटके दिसतात. पूर्ण फिल्म मोबाइलचीच असेल तर डिस्क एनटीएससीमध्ये करायला हरकत नाही: ७२० बाय ४८०, २९.९७ फ्रेम. आपल्याकडे विकलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती चालवतात. फारच जुना टीव्ही असेल तर आधी एक छोटी डिस्क देऊन विचारून घ्या.

एन्कोडरची सेटिंग

एडियस असो, प्रीमियर असो की एफएफएमपेग, नावं थोडी वेगळी असतात, भरायचे आकडे तेच.

पद्धत: सव्वा तासाच्या आत असेल तर स्थिर, म्हणजे सीबीआर, ६५००. त्याहून लांब असेल तर बदलता, म्हणजे व्हीबीआर, दोन पास. पहिल्या पासात एन्कोडर सगळी फिल्म पाहून घेतो, कुठं सोपं आणि कुठं अवघड ते टिपून ठेवतो. दुसऱ्यात मंगलाष्टकांच्या स्थिर शॉटमधले बिट वाचवून वरातीला देतो. वेळ दुप्पट लागतो. रात्री लावून झोपा. एकाच पासाच्या व्हीबीआरला पुढचं काही माहीत नसतं, त्यामुळे फाइल कधी लहान येते, कधी डिस्कमध्ये मावत नाही.

सरासरी: सूत्रातून आलेला आकडा. मॅक्झिमम: ७००० ते ८०००. मिनिमम: १५०० ते २०००.

सरासरी आणि मॅक्झिमममध्ये थोडं अंतर हवंच. सरासरी ५२०० आणि मॅक्झिमम ५५०० ठेवला तर दोन पास करून काही उपयोग नाही, वाटायला काही उरतच नाही.

जीओपी, म्हणजे एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतची लांबी, पालला १५ आणि एनटीएससीला १८ च्या वर नको. यूट्यूबसाठी ठेवलेलं २५०चं सेटिंग तसंच राहिलं तर काही ऑथरिंग (मेन्यू, चॅप्टर जोडून डीव्हीडी बांधणारी) सॉफ्टवेअर फाइल परत करतात. काही मुकाट घेतात, मग प्लेअर फास्ट फॉरवर्डला गडबडतो.

व्हीबीव्ही बफर विचारला तर २२४ केबी, म्हणजे सुमारे १८३५ किलोबिट. याला हात लावू नका. हा प्लेअरच्या डीकोडरमधल्या जागेचा आकडा आहे, मोठा टाकला म्हणून प्लेअरमधली जागा वाढत नाही.

एफएफएमपेगमध्ये पाल डीव्हीडीचं तयार टार्गेट आहे. सोय चांगली, पण त्यात व्हिडिओ ६०००, मॅक्झिमम ९००० आणि आवाज ४४८ असा ठरलेला असतो. मॅक्झिमम ७५०० आणि आवाज २२४ हे स्वतः लिहून बदला, आणि सरासरी आपल्या सूत्राची द्या.

एन्कोड झाल्यावर मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली की सरासरी दिसते. मॅक्झिमम म्हणून दिसणारा आकडा बहुधा फाइलच्या सुरुवातीला लिहिलेला दावा असतो, खरं शिखर नव्हे. खरं शिखर पाहायचं तर बिटरेटचा आलेख काढणारं सॉफ्टवेअर वापरा. आलेखात एखादा सुळका ८५०० च्या वर दिसला तर त्याची वेळ टिपून घ्या. टेस्ट करताना तिथंच पाहायचं आहे.

झाडीपट्टीचं नाटक, सप्ताह, जुनी व्हीसीडी

दिवाळीनंतर मंडईचे (गावजत्रेचे) दिवस सुरू झाले की वडसा, म्हणजे देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत लागतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. आयोजक म्हणतात, एकाच सीडीत बसवून द्या. पाच तास म्हणजे ३०० मिनिटं. सूत्र लावा: १८३३ एकूण, आवाज वजा जाता १६००. पूर्ण ७२० बाय ५७६ चित्राला १६०० म्हणजे स्टेजवरच्या रंगीत दिव्यांत नटाचं तोंड ओळखू येणार नाही.

दोन वाटा आहेत. पहिली, आणि मला पटणारी: अंकांप्रमाणे दोन किंवा तीन डिस्क. लोकांना अंक कळतात, मध्ये डिस्क बदलणं त्यांना जड जात नाही. दोन डिस्क केल्या तर प्रत्येकीला दीडशे मिनिटं, ३४०० केबीपीएस. स्टेज नाटकात कॅमेरा स्टँडवर असतो, मागचा पडदा हलत नाही. त्यामुळे ३४०० त्याला छान पुरतात, वरातीला पुरले नसते.

दुसरी वाट म्हणजे चित्राची रुंदी अर्धी करणं: ३५२ बाय ५७६. हे माप डीव्हीडीच्या मानकात मान्य आहे, प्लेअर ते पसरून पूर्ण पडदा भरतो. सरासरी २५०० च्या खाली जायला लागली की मी या मापाकडे वळतो. चार तासांच्या कीर्तनाला सूत्रानं सुमारे २००० मिळतात. अर्ध्या रुंदीला ते पुरतात. चित्र थोडं मऊ दिसतं, पण चौकोन पडत नाहीत, आणि कीर्तनात माणूस ऐकतो जास्त.

डबल लेयरची ८.५ जीबीची डिस्क हा तिसरा उपाय कुणी सुचवेल. खेड्यासाठी नको. तिची चमक कमी असते, थर बदलताना जुने प्लेअर अडखळतात, आणि दोन साध्या डिस्क तिच्यापेक्षा स्वस्त पडतात.

जुन्या व्हीएचएस कॅसेटी कुणी आणून देत असेल तर त्यांनाही अर्धी रुंदी उत्तम. टेपमध्ये मुळात तेवढाच तपशील असतो. फक्त टेपचा रवा जबर असतो, त्याला डीनॉइझ करून मगच एन्कोड करा.

व्हीसीडीचं तर फार सोपं आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. व्हीसीडीचा व्हिडिओ एमपेग-१, पालमध्ये ३५२ बाय २८८, ११५० केबीपीएस. डीव्हीडीच्या मानकात एमपेग-१ ला १८५६ केबीपीएसपर्यंत जागा आहे. म्हणजे भजन मंडळाच्या जुन्या व्हीसीड्यांचा व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता डीव्हीडीवर जाऊ शकतो. फक्त आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा असतो तो ४८ चा करावा लागतो. सूत्रानं एका डिस्कमध्ये साधारण ४०० मिनिटं मावतात. खंजिरीच्या भजनांचा अख्खा डबा एका डिस्कवर, दर्जा मुळाइतकाच, आणि बिटरेट इतका कमी की कसलाही प्लेअर अडखळणार नाही. हेच फुटेज कुणी ७२० बाय ५७६ ला ताणून ८००० वर एन्कोड करून देत असेल तर तो तुमचे पैसे घेतो आणि डिस्क अटकायची सोय करून देतो.

मेन्यू आणि रिमोट

गावातल्या प्लेअरचा रिमोट बहुधा हरवलेला असतो. पुढच्या बाजूला प्ले, स्टॉप आणि डिस्क बाहेर काढायचं बटण, एवढंच. तुमच्या सुंदर मेन्यूवर खाली-वर जायला बटणच नाही. म्हणून डिस्क घातली की फिल्म थेट सुरू होऊ द्या, किंवा मेन्यूला दहा सेकंदांनी आपोआप पुढं जायला लावा. मेन्यूचं चित्र स्थिर ठेवा. दर पाच-सात मिनिटांनी चॅप्टर टाका, त्यासाठी बिटरेट लागत नाही.

राइट करताना

बिटरेट अचूक ठेवून डिस्क वाईट राइट केली तर सगळं मुसळ केरात.

डिस्क डीव्हीडी-आर घ्या, वजा चिन्हाची. जुने प्लेअर ती जास्त सहज ओळखतात. प्लस चिन्हाचीच मिळाली आणि तुमचा रायटर बुकटाइप (डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद) बदलू देत असेल तर तो डीव्हीडी-रॉम करा. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) डिस्क टेस्टिंगपुरती ठेवा, गिऱ्हाइकाला देऊ नका. तिच्यावरून प्रकाश फारच कमी परत येतो.

१६एक्सची डिस्क ८एक्सवर लिहा, फार तर ४एक्सवर. त्याहून सावकाश लिहिलं की चांगलं, हा जुना समज आहे. आजच्या डिस्कचा रंगथर अगदी कमी वेगासाठी बनवलेलाच नसतो. शेवटी डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे लिहिणं बंद करून ती प्लेअरला वाचता येईल अशी करा, आणि व्हेरिफाय चालवा. इमेजबर्न हे दोन्ही नीट करतं.

लाइट जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा यूपीएस किंवा बॅटरीवाला लॅपटॉप. मधे लाइट गेली की ती डिस्क गेली.

नवरा-नवरीच्या फोटोचं कागदी स्टिकर डिस्कवर चिकटवू नका. थोडं जरी एका बाजूला सरकलं तरी डिस्क डोलते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की डिंक सुटून कडा उचलते. प्रिंट होणारी पांढरी डिस्क घ्या, नाहीतर मार्करनं नाव लिहा. डबा मोटरसायकलच्या डिकीत उन्हात ठेवू नका, गिऱ्हाइकालाही तसं सांगा.

टेस्ट आणि लक्षणं

दुकानात एक जुना, रडतखडत चालणारा प्लेअर मुद्दाम ठेवा. भंगारात मिळाला तर उत्तम. प्रत्येक डिस्क त्यावर तीन ठिकाणी पाहा: सुरुवात, आलेखातला सगळ्यात उंच सुळका, आणि शेवटची दहा मिनिटं.

तरी तक्रार आलीच तर पहिला प्रश्न, "काका, कुठं अटकते?" आणि दुसरा, "दर वेळी तिथंच का?" दर वेळी त्याच जागी आणि सगळ्या प्लेअरवर अटकत असेल तर एन्कोडिंग किंवा ऑथरिंगमध्ये दोष आहे, तो तुकडा कॉम्प्युटरवरच पुन्हा तपासा. त्याच जागी पण एकाच घरी अटकत असेल तर तिथं बिटरेट उंच आहे आणि प्लेअर थकलाय. शेवटीच अटकत असेल तर डिस्क काठापर्यंत भरली आहे किंवा बाहेरच्या कडेला बोटं लागलीत. दर वेळी वेगळ्या जागी अटकत असेल तर बिटरेटला दोष देऊ नका; लेन्सवर धूळ आहे किंवा डिस्क मळली आहे. मऊ सुती कापडानं डिस्क मधून बाहेर, सरळ रेषेत पुसायला सांगा, गोल गोल नाही. डिस्क आत घेतच नसेल तर फायनलाइझ राहिलं किंवा डिस्कचा प्रकार त्या प्लेअरला चालत नाही. आवाज हळूहळू मागं पडत असेल तर फ्रेमरेटकडे पाहा.

एकाच घरची तक्रार असेल तर त्यांच्यासाठी सरासरी ४०००, मॅक्झिमम ५५०० अशी वेगळी डिस्क बनवा. दुसऱ्या बनावटीच्या कोऱ्या डिस्कवर, ४एक्सनं. दहातले नऊ प्लेअर इथं मान तुकवतात आणि चालायला लागतात.

त्यानंही जमलं नाही आणि प्लेअरला यूएसबीचं तोंड असेल तर तीच एमपेग-२ फाइल पेनड्राइव्हवर देऊन पाहा. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, म्हणून फिल्मचे दोन भाग करा. पण इथंही मॅक्झिमम ५५०० च ठेवा. स्वस्त प्लेअरांतलं यूएसबी कधी कधी जुन्या, १२ एमबीपीएसच्या वेगाचं असतं, आणि त्या १२ मधले सगळे काही फिल्मच्या वाट्याला येत नाहीत.